‘घेई छंद मकरंद’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात पेटी शिकवून आणि गाणाऱ्यांना साथ करून माझं घर चालतं. दिवाळी सरली की शाळांची स्नेहसंमेलनं, नाट्यसंगीताच्या स्पर्धा, मग गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा, असं एकामागोमाग सुरू होतं. दर वर्षी माझ्याकडची निम्मी मुलं हेच गाणं घेऊन येतात. मुलांबरोबर आई-बाबा येतात आणि आई-बाबांबरोबर प्रश्न येतात. जिन्यात विचारलेल्या प्रश्नाला जिन्यातच उत्तर द्यावं लागतं, ते अर्धवट राहतं. म्हणून हे एकदा बसून लिहिलं. प्रश्न ज्या शब्दांत आले त्याच शब्दांत ठेवलेत.

हे गाणं सिनेमातलं ना?

सिनेमातही आहे, पण मूळचं नाटकातलं. ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ रोजी मुंबईत, भांगवाडी थिएटरात झाला. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकी, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ची. सिनेमा आला २०१५ च्या दिवाळीत. मधे अठ्ठेचाळीस वर्षं गेली.

आताच्या मुलांना सिनेमा आधी भेटतो, त्याला माझा काही आक्षेप नाही. फक्त स्पर्धेच्या फॉर्मवर ‘चित्रपटगीत’ लिहू नका. मागे एका मुलाच्या वडिलांनी तसं लिहिलं आणि नाट्यसंगीताच्या गटातून त्याचं नाव काढून भावगीताच्या गटात टाकलं. तिथल्या परीक्षकांना तो ताना का घेतोय हे कळेना.

नाटकाची गोष्ट थोडक्यात सांगा.

विश्रामपूर नावाचं संस्थान. तिथे राजगायकाच्या पदासाठी गाण्याची चुरस. जिंकणाऱ्याला राहायला हवेली आणि कमरेला एक कट्यार. त्या कट्यारीने केलेला एक खून माफ, असा दरबाराचा कायदा. पंडित भानुशंकर हे त्या गादीवरचे गायक, खाँसाहेब आफताब हुसेन बाहेरून आलेले आणि पुन्हा पुन्हा हरणारे. मग एके वर्षी पंडितजींचा आवाज जातो आणि हवेली खाँसाहेबांची होते. आवाज का जातो ते इथे सांगणार नाही, ज्यांनी पाहिलं नाही त्यांचा रस जाईल. पुढे सदाशिव नावाचा तरुण पंडितजींकडे शिकायच्या आशेने येतो, तर हवेलीत खाँसाहेब. घराण्याबाहेरच्या मुलाला ते शिकवायचे नाहीत. मग तो नोकर बनून राहतो आणि कान देऊन गाणं उचलत राहतो.

एवढं ठाऊक असलं की गाण्याचा निम्मा अर्थ आपोआप लागतो.

गाणं एकच, मग चाली दोन कशा? आमच्या मावशी म्हणतात सर चुकीची चाल शिकवतायत.

मावशींना नमस्कार सांगा. त्यांनी ऐकलेली चालही बरोबर आणि मी शिकवतो तीही बरोबर.

दारव्हेकरांनी शब्द एकदाच लिहिले. अभिषेकीबुवांनी त्याच शब्दांना दोन चाली दिल्या, आणि त्या गंमत म्हणून दिलेल्या नाहीत. एक चाल पंडितजींच्या गायकीची आहे, सालगवराळी रागातली. संथ, शब्दाला धरून चालणारी, एकेका अक्षराला बसायला जागा देणारी. दुसरी खाँसाहेबांच्या गायकीची, धानी रागात. ती सुटते ती वाऱ्यासारखी. तिच्यात तान शब्दाच्या अंगावरून उडी मारून पुढे जाते आणि वळून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते तेव्हाच श्वास घेते.

आता बघा, नाटकाचं भांडण काय आहे? दोन घराण्यांचं. तुझं गाणं थोर की माझं. यावर दोन पात्रांना पंधरा मिनिटं वाद घालायला लावता आला असता. तेच शब्द दोघांच्या गळ्यात ठेवले आणि वाद श्रोत्याच्या कानावर सोपवला. संथ चाल ऐकताना वाटतं, हेच खरं, असंच गायला हवं. द्रुत सुरू झाली की दोन मिनिटांत आपण फितूर होतो. बसल्या जागी आपली बाजू बदलते, आणि आपल्याला त्याची लाजही वाटत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, ज्याला एकच चाल ठाऊक आहे त्याला हे गाणं अर्धंच ठाऊक आहे. आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना एकच ठाऊक असते, ती म्हणजे घाईची.

एक गोष्ट मला नेहमी जाणवते. या दोन्ही बाजू ज्याने रचल्या तो माणूस स्वतः एका उंबऱ्याआड बसून शिकलेला नव्हता. अभिषेकी मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे. आग्रा घराण्याच्या जगन्नाथबुवा पुरोहितांकडे शिकले, अझमत हुसेन खाँसाहेबांकडे शिकले, जयपूरची गायकी गुलुभाई जसदनवालांकडून घेतली. नाटकात सदाशिव जे चोरून करतो, ते यांनी राजरोस दारं ठोठावून केलं होतं. एरवी दोन्ही पक्षांना इतका सारखा न्याय देणं अवघड होतं. कुठलीतरी एक चाल फिकी पडली असती.

मकरंद आणि मिलिंद कोण?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो. दर वर्षी एक तरी मूल विचारतं. एकाने तर ठामपणे सांगितलं होतं की ते दोघे भाऊ आहेत. त्याच्या घरी होते खरे, मकरंदकाका आणि मिलिंदकाका.

मकरंद म्हणजे फुलातला मध. मिलिंद म्हणजे भुंगा. पुढे गाण्यात भृंग येतो तोही भुंगाच. भुंग्याला मधाचा छंद आहे, मनाला येईल तसा तो धुंद होऊन मध पितोय, इथून गाणं सुरू होतं. अंतऱ्यात, म्हणजे मुखड्यापुढच्या कडव्यात, संध्याकाळ होते. कमळाच्या पाकळ्या मिटतात, भुंगा आत अडकतो. तरी त्याचं गुणगुणणं थांबत नाही.

माझ्या वर्गात एक गंमत होते. पूर्व भागातून येणाऱ्या तेलुगू घरातल्या मुलांना मकरंद समजावून सांगावा लागत नाही. तेलुगूत मध म्हणजे ‘मकरंदम्’ हा शब्द कानावरचा आहे. एका पोराचे आजोबा, आयुष्यभर मागावर उभे राहिलेले, त्याला सोडायला यायचे आणि दाराशी खुर्ची टाकून बसायचे. एकदा गाणं ऐकून त्यांनी तिथल्या तिथे तेलुगू कवी पोतनांच्या भागवतातलं पद्य म्हणून दाखवलं. त्यात प्रल्हाद सांगतो की मंदाराच्या मधात रमलेला भुंगा दुसऱ्या फुलाकडे कशाला जाईल! म्हणून झाल्यावर हसून म्हणाले, “तुमचं पण तेच, आमचं पण तेच.” मराठी घरातली मुलं एकमेकांकडे बघत राहिली. ज्यांची मातृभाषा मराठी त्यांना अर्थ विचारावा लागला, आणि ज्यांची नाही त्यांना नाही. सोलापूरच ते.

मराठीत तरी हा भुंगा काय काल आलेला आहे? ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या मोहाबद्दल सांगताना ज्ञानेश्वरांनी हाच दाखला दिलाय. भुंगा कोरडं लाकूड सहज पोखरतो, पण कोवळ्या कळीत सापडला की जीव जाईल तरी पाकळी चिरत नाही. स्नेह असा कोवळेपणानेच कठीण असतो. संस्कृत सुभाषितांतही तो आहे. रात्र सरेल, पहाट होईल, कमळ उमलेल असं तो आत बसून म्हणतोय, आणि तेवढ्यात हत्ती येऊन कमळच उपटतो. दहावीला संस्कृत घेतलेल्यांना हे आठवत असेल.

आता हा भुंगा घेऊन परत नाटकात या. बंद हवेलीत अडकलेला, वाटेल ते काम करणारा, पण गाण्याचा ध्यास न सोडणारा सदाशिव आठवला का? आणि नुसता सदाशिवच कशाला. खाँसाहेब तरी दुसरं काय आहेत? मला तर वाटतं त्या घरातलं प्रत्येक माणूस त्या कमळात बसलेलं आहे. ही दारव्हेकर मास्तरांची करामत. ऐकायला निसर्गवर्णन, आणि आत अख्खं नाटक.

दारव्हेकर नागपूरचे. तिथे त्यांनी ‘रंजन कला मंदिर’ ही संस्था चालवली. नाटककार म्हणून नाव सगळे घेतात, पण हे शब्दही त्यांचेच, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

धानी राग म्हणजे काय? पेटीवर कसा वाजवायचा?

पाच सुरांचा राग. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. रे आणि ध यांना सुट्टी.

माझ्याकडे आलेल्या नव्या मुलाला मी हा राग पहिल्याच दिवशी वाजवून घेतो, आणि त्याला कळतही नाही की तो राग वाजवतोय. पेटीवर काळी दोन हा सा धरा. मग धानीचे पाचही सूर काळ्या पट्ट्यांवरच येतात. पोराला सांगायचं, पांढऱ्या पट्टीला हात लावायचा नाही, काळ्यांवर कुठेही फीर, फक्त शेवटी दुसऱ्या काळीवर येऊन थांब. भाता मी मारतो. दोन मिनिटांत त्याच्या बोटांतून काहीतरी ओळखीचं निघायला लागतं आणि त्याचे डोळे मोठे होतात.

  

सालगवराळी अशी पहिल्या दिवशी हाती लागत नाही. तो क्वचितच गायला जाणारा राग. त्याचे सूर लिहून घेतले म्हणून चाल येत नाही. त्यातली वळणं ऐकून ऐकूनच गळ्यात उतरतात. वहीत स्वरलिपी मागू नका, मी देत नाही.

वसंतराव देशपांड्यांचंच गाणं आदर्श का मानतात?

कारण खाँसाहेब म्हणून ते उभे राहिले आणि ती भूमिका मग दुसऱ्या कुणाची राहिली नाही. नंतर ज्यांनी केली त्यांनाही वसंतरावांशी तुलना सहन करूनच करावी लागली.

वसंतरावांचा जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा. लहानपणी नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले. ‘कालिया मर्दन’ या १९३५ च्या सिनेमात लहान कृष्ण झाले. पुढे लाहोरला जाऊन असद अली खाँसाहेबांकडे शिकले. दीनानाथ मंगेशकरांच्या गाण्याचा ठसा तर त्यांच्यावर पक्का होता. आणि हे सगळं असून अनेक वर्षं त्यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली. दिवसभर आकडेमोड आणि रात्री गाणं. ‘कट्यार’च्या पहिल्या प्रयोगाला त्यांचं वय सत्तेचाळीस होतं.

हे मी पालकांना मुद्दाम सांगतो. मुलाला आठवीत पहिलं बक्षीस मिळालं नाही म्हणून क्लास बदलणाऱ्यांना तर दोनदा सांगतो.

त्यांच्या तानेची नक्कल करू नका, एवढीच विनंती. त्यांची तान गळ्यातून निघताना वाकडीतिकडी पळते आणि नेमकी हव्या त्या जागी येऊन पडते. आपली वाकडीतिकडी पळते आणि पळूनच जाते.

पंडितजींच्या भूमिकेत भार्गवराम आचरेकर होते. त्यांचं नाव कमी घेतलं जातं. संथ चालीच्या वाट्याला जे येतं तेच त्यांच्या वाट्याला आलं, असं मला उगाच वाटतं.

या गाण्याचा आणि सोलापूरचा काही संबंध आहे का?

गाण्याचा थेट नाही. नाटकाचा आहे, आणि मोठा आहे. खाँसाहेबांची मुलगी झरीना ही भूमिका पहिल्या संचात फैय्याज यांनी केली, आणि फैय्याज आपल्या सोलापूरच्या. इथून मुंबईला गेलेल्या या मुलीने वसंतरावांसमोर उभं राहून गायलं. पुढे ‘वीज म्हणाली धरतीला’ आणि इतरही अनेक नाटकं केली. २०१५ साली बेळगावला झालेल्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. त्याच वर्षी दिवाळीत सिनेमा आला.

क्लासातल्या मुलींना हे सांगितलं की त्या विचारतात, “आपल्या सोलापूरच्या?” मग घरी जाऊन आजीला विचारतात आणि आजीला ते आधीच ठाऊक असतं.

त्या काळी हे ‘हिट’ गाणं होतं का? नाटकातलं गाणं हिट कसं होतं?

होतं, आणि कसं झालं ते सांगायला थोडं मागे जायला हवं.

१८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ केलं तेव्हापासून मराठी माणूस नाटकाला गाणं ऐकायला जातो. पुढची पन्नास वर्षं असा जमाना होता की एकेका नाटकात पदांची रांग असायची, ‘वन्स मोअर’ पडत राहायचे आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालायचा. रंगमंचावर शकुंतला निघाली की लोक तिला निघू द्यायचे नाहीत. ते पद सकाळी हौदावर पाणी भरताना ऐकू यायचं. आजच्या पॉप गाण्याचं जे काम ते तेव्हा नाट्यपदाचं होतं. मग बोलपट आला आणि गाणं तिकडे गेलं. संगीत नाटक संपलं असं लोक बोलायला लागले.

१९६० पासून ते पुन्हा उठलं. विद्याधर गोखल्यांचं ‘पंडितराज जगन्नाथ’ १९६० चं, राम मराठ्यांचं गाणं असलेलं ‘मंदारमाला’ १९६३ चं. १९६४ ला ‘मत्स्यगंधा’ आलं आणि अभिषेकींचं नाव घरोघरी गेलं. त्यांनी एक शहाणपणा केला. पद किती वेळ आळवायचं याला लगाम घातला, चाली अशा बांधल्या की प्रसंग थांबून राहू नये. नाटक चालू राहिलं आणि गाणं लोकांच्या तोंडी बसण्याइतकं आटोपशीर झालं. ‘कट्यार’ या लाटेवर आलं. आणि त्यात तर पात्रंच गवई, त्यामुळे गाणं मधेच का आलं असा प्रश्नच नाही. गवई गाणार नाहीतर काय करणार?

तिथून पुढे तबकडी, आकाशवाणी आणि गणेशोत्सव. माझे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात होते. खिळ्याला रेडिओ टांगलेला असायचा. मागांच्या खडखडाटात शब्द कळायचे नाहीत, नुसती चाल कळायची. वडिलांना हे गाणं आयुष्यभर असंच येत होतं. ‘घेई छंद’ एवढे दोन शब्द, आणि पुढे सगळं नुसतं हुंकारत. पण ठेका पक्का. धोटा इकडून तिकडे जातो त्या लयीवर ते धानीची चाल अशी चढवायचे की मला लहानपणी वाटायचं, हे गाणं मागासाठीच केलंय. नाटक त्यांनी कधी पाहिलं नाही. मी रविवारी सकाळी रियाज करायला लागलो की न्हाणीघरातून आवाज यायचा, “कुठलं म्हणायलास बे? छंद घे, छंद!”

सिनेमातलं आणि नाटकातलं यात फरक काय?

सिनेमा सुबोध भावे यांचा, दिग्दर्शक म्हणून पहिलाच. पंडितजी झाले शंकर महादेवन, खाँसाहेब सचिन पिळगावकर. खाँसाहेबांचा गाता आवाज राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. सदाशिवचा गाता आवाज महेश काळे यांचा, जे अभिषेकींचे शिष्य. यांच्या पाठीशी घरचं पाठबळ किती आहे बघा! ‘अरुणी किरणी’ या गाण्यासाठी काळे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

अभिषेकींच्या जुन्या चाली ठेवल्या आणि शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणीही घातली. ‘सूर निरागस हो’ आणि ‘मनमंदिरा’ ही नवीन. ती नाटकात शोधू नका. ‘तेजोनिधी लोहगोल’, ‘सुरत पिया की’, ‘मुरलीधर श्याम’ आणि ‘दिन गेले भजनाविण सारे’ ही मूळ नाटकातली.

माझी आवड विचाराल तर ध्वनिमुद्रण सिनेमाचं चांगलं, पण गाणं जुनं ऐकावं. सिनेमात मागे इतकी वाद्यं आहेत की मुलांना वाटतं गाणं तेवढ्यानेच भरतं. जुन्या मुद्रणात मोजकी साथ आहे, आणि मधली रिकामी जागा गायकाने भरायची आहे. शिकणाऱ्याला त्या रिकाम्या जागेत काय चाललंय ते ऐकू यायला हवं.

नाटक आता पाहायला मिळेल का?

२०१० मध्ये राहुल देशपांडे आणि सुबोध भावे यांनी ते नव्या संचात उभं केलं होतं. आता कुठे प्रयोग लागला तर वर्तमानपत्रात बघा आणि लागेल तिथे जा. आपल्या सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात लागला तर पेटीच्या बाजूची खुर्ची धरा. सर्वांत महाग तिकीट मधल्या रांगेचं असतं, पण ऐकायला बाजूची जागा बरी. साथीदाराचा चेहरा दिसतो. गवई पुढे काय करणार हे त्याच्या चेहऱ्यावर आधी येतं.

माझ्या मुलीने स्पर्धेला कुठली चाल म्हणावी?

तिचा श्वास बघा. धानीतली चाल ऐकणाऱ्याला लगेच पकडते, परीक्षक मान डोलावतात, पण ती चाल म्हणणारी मुलं एका दिवसात वीस असतात. विसाव्या वेळी परीक्षक घड्याळ बघत असतात. संथ चाल म्हणणारं एखादंच मूल असतं. ती बेसूर झाली तर लपायला जागा नाही, आणि सुरात लागली तर अख्खा हॉल गप्प होतो.

नववीच्या आतल्या मुलाला मी संथ देतो. पालक नाराज होतात. “सर, टाळ्या कुठे पडणार यात?” शेवटी पडतील, मी म्हणतो. मधे पडल्या तर उलट तिचंच लक्ष जाईल.

शास्त्रीय शिकल्याशिवाय म्हणता येईल का?

घरी, गच्चीवर, मित्रांत जरूर म्हणा. स्टेजवर नको.

पट्टी कुठली?

म्हणजे सा कुठे धरायचा. मुलींना साधारण काळी चार किंवा पांढरी पाच, मोठ्या मुलांना काळी एक-दोन. पण हे चपलेच्या नंबरासारखं आहे. शेजाऱ्याचा विचारून उपयोग नाही. वरचा सा ओरडून लागत असेल तर पट्टी उतरवा. आवाज फुटायच्या वयातला मुलगा असेल तर त्या वर्षी गाणं विश्रांतीला टाका आणि पेटीला पाठवा.

कराओकेवर म्हटलं तर चालेल का?

एका शाळेच्या स्नेहसंमेलनात माझा एक विद्यार्थी उभा होता. आयोजकांनी साथीदारांना मानधन नको म्हणून मोबाइलवरचा ट्रॅक ठरवला. पोरगा छान गात होता. त्याने ‘स्वच्छंद’वर एक हरकत, म्हणजे सुरांचं छोटंसं वळण, घेतली, ती त्याला सुचली, क्लासात कधी घेतली नव्हती, माझ्या अंगावर काटा आला. पण ट्रॅक थांबेना. तो परत आला तेव्हा ट्रॅक अंतऱ्याच्या दारात पोचला होता. त्यानंतर पुढची तीन मिनिटं तो ट्रॅकच्या मागे धावत होता. वर त्याच मोबाइलवर फोन आला, आणि कमळात अडकलेल्या भुंग्याच्या जागी रिंगटोन वाजली.

तबलजीला द्यायला पैसे नसतील तर नुसत्या तानपुऱ्यावर म्हणा. साथ माणसाची नसेल तर साथ नसलेली बरी.

उच्चारात काय सांभाळायचं?

‘छंद’मधला छ पोटातून काढा, ‘चंद’ करू नका. ‘स्वच्छंद’ला तर हमखास ‘स्वचंद’ होतं. ‘भृंग’चा ‘भ्रूंग’ होतो, तो भृ नीट म्हणा. आणि ‘मकरंद’ आणि ‘मिलिंद’ या दोन्हींतल्या शेवटच्या ‘द’वर जरा थांबा. घाईत तो गिळला जातो आणि गाणं ‘मकरन्‌ मिलिन्‌’ ऐकू येतं.

दोन्ही चाली एकापाठोपाठ म्हटल्या तर चालतं का?

मला विचाराल तर तसंच म्हणायला हवं. स्पर्धेच्या नियमांना विचाराल तर वेळ पाच मिनिटं.

दोन वर्षांपूर्वी एकाच वाड्यातल्या दोन मुलांना मी तसं बसवलं. मुलगी संथ चाल म्हणणार, तिचा चुलतभाऊ धानीतली. फॉर्मवर ‘युगुलगीत’ लिहिलं, कारण दुसरा रकानाच नव्हता. तालमीत सगळं साडेचार मिनिटांत बसत होतं. स्टेजवर मुलगी रमली. तिने एकेक सूर असा टेकवला की मीही भाता हळू केला, आणि घड्याळाकडे बघायला विसरलो. तिचं संपलं तेव्हा चार मिनिटं होऊन गेली होती.

पोराने माझ्याकडे पाहिलं. मी तबलजीकडे पाहिलं. त्याने काहीच न विचारता लय उचलली, ठरलेल्या दुपटीहूनही चढी, आणि पोराने श्वास भरून धानी सोडली. चाळीस-पन्नास सेकंद. अंतरा नाही, काही नाही, नुसता मुखडा आणि त्यावर एकच लांब तान. तान वळून खाली यायला आणि परीक्षकांनी टेबलावरची घंटी मारायला एकच गाठ पडली. घंटी बरोबर समेवर पडली. तबलजी हसला, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!”